पाठीला अडकवता येणारी डफल बॅग: एव्हरेस्ट बेस कॅम्पसाठी कोणती घ्यावी?

अबोली

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघतोय. मी, नवरा, नणंद आणि तिची मैत्रीण. बाकीची तयारी मार्गी लागली आहे. सिंहगडाच्या फेऱ्या चालू आहेत, बूट पायात रुळलेत, डाउन (पिसांचं) जॅकेट भाड्याने मिळणार आहे. अडलंय ते बॅगेपाशी.

ट्रेक कंपनीने सांगितलंय की हमालाकडे द्यायचं सामान मऊ डफल बॅगेतच (लांबट, चेनची कापडी बॅग) हवं आणि बॅगेसकट १० किलोच्या आत हवं. रोजची छोटी सॅक आपली आपण वाहायची, ती ५ किलोपर्यंत. लुक्लाच्या विमानात माणशी १५ किलोचाच हिशेब असतो म्हणून हा नियम.

प्रवास असा आहे: पुणे ते दिल्ली ते काठमांडू विमानाने, काठमांडूत मुक्काम, मग मध्यरात्री गाडीने रामेछाप जिल्ह्यातलं मंथली (सीझनमध्ये लुक्लाची बहुतेक विमानं तिथूनच सुटतात), तिथून लुक्ला आणि पुढे पायी. परत आल्यावर हीच बॅग रत्नागिरीला सासरी जाताना, कोकण रेल्वेने आणि एसटीने वापरायची आहे. वर्षातून एकदा वापरायची वस्तू घरात नको आहे. म्हणूनच पाठीला अडकवता येणारी डफल हवी.

दुकानात गेल्यावर ४० लिटरपासून १२० लिटरपर्यंत सगळं दाखवतात आणि प्रत्येक विक्रेता आपल्या हातातली बॅग वॉटरप्रूफ आहे असं सांगतो. किती लिटरची पुरेल? पट्टे खरंच उपयोगी पडतात का, की नुसते शोभेला असतात? माझी उंची ५ फूट १ इंच, मोठी बॅग पाठीला लावली की ती गुडघ्यापर्यंत येईल अशी भीती वाटते. बजेट पाच-सहा हजार. फार फरक पडणार असेल तर थोडं वर जाऊ.

ज्यांनी अशी बॅग वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सांगलीकर

चाकांची डफल का नाही? विमानतळावर ओढत न्यायची, पाठीला त्रास नाही. आणि घ्यायचीच तर ८० लिटर घ्या. थंडीचे कपडे जागा फार खातात, रोज सकाळी कोंबाकोंबी करण्यापेक्षा मोठी बरी.

घाटमाथा

अबोली, लिटरचा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी ही बॅग कुणाच्या पाठीवर किती वेळ असणार ते पाहा.

तुमच्या पाठीवर ती काठमांडू विमानतळ ते गाडी, गाडी ते हॉटेलचा जिना, मंथलीला गाडी ते विमान, एवढीच असेल. एका वेळेला दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर लुक्लापासून बेस कॅम्पच्या वाटेवर आणि परत येईपर्यंत ती दुसऱ्या माणसाच्या पाठीवर असेल. नेपाळात त्याला भरिया म्हणतात. म्हणजे तुम्ही तुमच्यासाठी बॅग घेताय त्याहून जास्त त्याच्यासाठी घेताय. या ट्रेकची बॅग निवडताना हीच गोष्ट सगळ्यांत मोठी आहे असं मला मनापासून वाटतं, आणि दुकानात ती कुणीच बोलत नाही.

भरिया बॅग तुमच्या पट्ट्यांनी पाठीला लावत नाही. दोन गिऱ्हाइकांच्या दोन डफल एकमेकींवर ठेवतो, दोरीने आवळून बांधतो आणि त्या गाठोड्याचा सगळा भार नाम्लोवर, म्हणजे कपाळावरून घेतलेल्या रुंद पट्ट्यावर तोलतो. बॅगेची मऊ बाजू त्याच्या पाठीला टेकते. आता सांगलीकरांची चाकांची बॅग घ्या. तिच्या तळाला प्लॅस्टिकची जाड पाटी, चाकांचे खोबणे, आत ओढायच्या दांड्याचे दोन गज. हे सगळं दिवसभर त्या माणसाच्या कण्याला टोचणार. शिवाय चाकं आणि दांडा मिळून किलो-दीड किलोच्या वर वजन खातात, ते तुमच्या १० किलोतूनच जातं. वाटेवरच्या नामचे बाजार गावाच्या चढावर चाकं फिरवायला जागाच नाही. या ट्रेकसाठी चाकं नकोतच.

पट्ट्यांबद्दल: ते काढता येणारे किंवा कप्प्यात दडवता येणारे हवेत. विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर लोंबणारे बंद अडकून तुटतात आणि भरियाच्या दोरीतही गुंततात. त्याच कारणाने बॅगेच्या बाहेर बाटलीचे खिसे, जाळ्या, लोंबणारी बक्कलं जितकी कमी तितकं चांगलं.

सांगलीकर

घाटमाथा, चाकांचं पटलं. पण ८० लिटर घेऊन अर्धी रिकामी ठेवली तर काय बिघडतं? आवळायचे पट्टे असतातच की.

घाटमाथा

बिघडतं. रिकामी जागा दिसली की सामान वाढतं. जास्तीची जीन्स, दुसरी चप्पल, खाऊचे डबे. नेपाळात एका भरियाने ३० किलोच्या वर उचलू नये असं सर्वसाधारणपणे मानलं जातं आणि चांगल्या कंपन्या ते पाळतात. दोघांमागे एक भरिया असेल आणि तुमच्या दोन बॅगा १०-१० किलोच्या असतील तर त्याचे स्वतःचे कपडे-अंथरूण धरून तो माणूस त्याखाली राहतो. तुम्ही दोघांनी १५-१५ भरल्या की ३० तिथेच झाले. जेवढी बॅग लहान, तेवढी ही वेळ येण्याची शक्यता कमी.

दुसरं कारण तुमच्या पाठीचं. अर्धवट भरलेली डफल उभी करून पाठीला लावली की आतलं सगळं भिजलेल्या गादीसारखं खाली बसतं आणि खांदे मागे ओढले जातात. डफलला आत पाठीचा सांगाडा नसतो, बहुतेकींना कमरपट्टाही नसतो. ती ताठ राहते ती केवळ आतल्या सामानाच्या दाटीवर. म्हणून नव्वद टक्के भरेल एवढीच घ्या.

तुमच्यासाठी हिशेब: स्लीपिंग बॅग आणि डाउन जॅकेट मिळून साधारण २० लिटर. बाकीचे कपडे, मोजे, टॉवेल, औषधं, चप्पल, थोडा खाऊ मिळून आणखी २५ ते ३० लिटर. राहायला टी-हाउस (वाटेवरची साधी लॉज) आहेत, तंबू-भांडी न्यायची नाहीत. ५० ते ६० लिटर पुरेपूर.

आणि रिकाम्या बॅगेचं वजन जरूर विचारा. जाड कापडाची ७० लिटरची डफल दीड किलोच्या पुढे जाते. दहातले दीड किलो नुसत्या कापडात गेले तर राहिलं काय?

नीलमोहर

अबोली ताई, माझी उंची तुमच्यापेक्षा एखादा इंच जास्त. उंचीचं सांगते, कारण पुरुष मंडळींना हा प्रश्न येत नाही.

मान खाली घातली की मानेच्या तळाशी जे टपोरं हाड हाताला लागतं, तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत पाठीवर टेप लावून मोजा. ती तुमच्या पाठीची लांबी. आपल्या उंचीच्या बायकांची ती बहुधा ४० ते ४३ सेंटिमीटरच्या आसपास येते. आता ७० लिटरची डफल बघा, ती ६५ ते ७० सेंटिमीटर लांब असते. म्हणजे ती एक तर डोक्याच्या मागे उभी राहणार आणि मान वर करता येणार नाही, नाहीतर बसायच्या जागेखाली जाऊन प्रत्येक पावलाला मांड्यांवर आपटणार. जिना उतरताना हे धोक्याचं आहे. ५० लिटरची बॅग ५५ सेंटिमीटरच्या आसपास बसते, ती सांभाळता येते. लिटरच्या आकड्यापेक्षा लांबीचा आकडा पाहून घ्या.

छातीवरचा आडवा पट्टा हवाच. डफलचे खांदापट्टे एकमेकांपासून लांब शिवलेले असतात, अरुंद खांद्यांवरून ते घसरतात. छातीचा पट्टा नसेल तर बॅगवाल्याकडून दोन कड्या आणि एक बक्कल लावून घेता येतं, खर्च अगदी किरकोळ.

दुकानात रिकामी बॅग पाठीला लावून आरशात बघण्याला अर्थ नाही. दुकानात असतील त्या वस्तू भरा, दहा किलो करा आणि पाच मिनिटं फिरा. ऑनलाइन घेत असाल तर टॅग न काढता घरी तांदूळ-गव्हाच्या पिशव्या भरून दोन मजले चढून-उतरून बघा आणि बसली नाही तर परत पाठवा.

वाटसरू

+१ नीलमोहर. लांबीचा मुद्दा महत्त्वाचा.

एक भर घालतो. पट्टे बॅगेच्या कोणत्या बाजूला आहेत ते नीट पाहा. काही डफलमध्ये पट्टे झाकणाच्या, म्हणजे चेनच्या बाजूला असतात. ही बॅग पाठीला लावली की चेन आपल्या पाठीकडे येते, गर्दीत कुणी मागून उघडू शकत नाही. आणि जमिनीवर ठेवली की तळ चिखलात, पट्टे वर कोरडे. तोटा एवढाच की सगळ्यांत वर ठेवलेली वस्तू तुमच्या पाठीला लागते. तिथे चार्जर किंवा डबा आला तर टोचतो, म्हणून शेवटी डाउन जॅकेट किंवा कपडे पसरायचे. दुसऱ्या प्रकारात पट्टे तळाच्या बाजूला असतात. पाठ सपाट मिळते, पण एसटी स्टँडवर बॅग टेकवली की तोच चिखल नंतर तुमच्या शर्टाला. कोकणात पावसाळ्यात जाणार असाल तर पहिला प्रकार घ्या.

घाटमाथा

वाटसरू, अगदी बरोबर. भरियाच्या दृष्टीनेही पहिला प्रकार चांगला, तळ गुळगुळीत मिळतो.

शिवणयंत्र

मी इचलकरंजीत बॅगा शिवते आणि दुरुस्तही करते. दुरुस्तीला येणाऱ्या डफल बॅगांमध्ये कापड फाटलेलं क्वचित दिसतं. उसवलेला पट्टा आणि गेलेली चेन, हेच येतं. म्हणून कापडाच्या डेनियरवर जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी तरी शिवणीवर व्हावी असं वाटतं.

डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तसा धागा जाड. मोहिमांच्या बॅगा ८४० ते १००० डेनियरच्या असतात, हलक्या प्रवासी बॅगा ४०० ते ६००. पण नायलॉनचं ४२० आणि पॉलिएस्टरचं ६०० यांत नुसता आकडा पाहून डावं-उजवं ठरवता येत नाही. तेवढ्या जाडीत नायलॉन झिजेला जास्त टिकतं.

बॅग हातात घेतल्यावर मी काय बघते ते सांगते. हातात धरायचा नाडा बॅगेच्या पोटाखालून सलग फिरून दुसऱ्या बाजूला वर आलाय का? तसा असेल तर वजन नाड्यावर येतं. नाडा नुसता वरच्या शिवणीत खोचलेला असेल तर वजन शिवणीवर येतं आणि ती कधीतरी उसवतेच. खांदापट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिवण हवी, किंवा दाट आडव्या टाक्यांची पट्टी. दोन सरळ टाके असतील तर बॅग खाली ठेवा. बॅग आतून उलटी करा. कापडाच्या कच्च्या कडा पट्टीत बंद केलेल्या हव्यात. आत धाग्यांच्या दशा दिसत असतील तर काही दिवसांनी शिवण कापडासकट निसटते.

चेनचा रनर उलटा करून बघा, मागे ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला सापडतो. बंद चेनच्या दातांची ती मिलिमीटरमधली साधारण रुंदी. मुख्य तोंडाला ८ किंवा १० हवी. ५ नंबरची खिशांना ठीक, पण ठासून भरलेल्या डफलला ती पुरत नाही. वेटोळ्याची नायलॉन चेन निसटली तर रनर मागे-पुढे करून परत बसते. सुट्या प्लॅस्टिक दातांची चेन धुळीत आणि थंडीत चांगली चालते, पण एक दात तुटला की पूर्ण चेन बदलावी लागते. चेन जड चालायला लागली तर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, धूळ धरतं.

अबोली

बापरे, एवढी माहिती एकाही दुकानात मिळाली नाही. सगळ्यांचे आभार. शिवणयंत्र ताई, उद्याच घरातल्या जुन्या बॅगा उलट्या करून बघते.

वॉटरप्रूफचं मात्र अजून कळलं नाही. वरून कव्हर लागेल का?

दर्यावर्दी

मालवणहून लिहितोय. पाणी आणि दमट हवा हा आमचा रोजचा विषय, म्हणून सविस्तर.

कापड वॉटरप्रूफ असणं वेगळं आणि बॅग वॉटरप्रूफ असणं वेगळं. कापडाला आतून किंवा बाहेरून लेप दिला की त्यातून पाणी जात नाही. पण शिवणीत सुईची हजारो भोकं असतात आणि चेनच्या दातांमधून पाणी झिरपतं. खरी जलरोधक बॅग म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायची, उष्णतेने सांधे जोडलेली. होडीत आम्ही तीच वापरतो. ती प्रवासाला गैरसोयीची, तळातली वस्तू काढायची तर सगळं उपसावं लागतं. चेनची डफल भर पावसात उघड्यावर राहिली तर आत ओल येणार हे धरूनच चाला.

उपाय सोपा आहे. आत जाड पॉलिथिनची मोठी पिशवी घाला, सामान त्यात, तोंड पिळून दुमडा. स्लीपिंग बॅग आणि डाउन जॅकेट त्याच्याही आत वेगळ्या पिशवीत, कारण ओलं डाउन ऊब देत नाही. बाहेरचं कव्हर भरियाच्या दोरीखाली फाटतं, वाऱ्याने उडतं. आतली पिशवी कधीच उडत नाही.

आता लेपाबद्दल. स्वस्त बॅगांना आतून पीयूचा (पॉलियुरेथेन) पातळ लेप असतो. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो काही वर्षांत चिकट होतो, आंबूस वास येतो, मग पापुद्रे निघून कपड्यांना लागतात. दोष वापरणाऱ्याचा नाही, पाण्याच्या वाफेने त्या रसायनाची साखळीच तुटत जाते. टीपीयूचा (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) थर यापुढे बराच जास्त टिकतो आणि थंडीत लवचिक राहतो. पीव्हीसीची ताडपत्रीसारखी बॅग पाण्याला उत्तम, पण जड, आणि बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामी, गोरखशेपच्या थंडीत सकाळी कडक होते. तुमची बॅग पुढे रत्नागिरीला नांदणार आहे, म्हणून टीपीयूवर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

प्रवासी_मावशी

आमच्याकडे या बॅगेचा वेगळाच उपयोग होतो तो सांगते. मी दिंडीबरोबर आळंदीहून पंढरपूरला जाते. दिवसाचं चालणं असतं तेव्हा खांद्याला फक्त पडशी. बाकीचं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये. मुक्कामी पोचलं की ट्रकमधून शेकडो बॅगा खाली येतात, आणि प्रत्येकीला आपली शोधून राहुटीपर्यंत न्यायची असते. पाऊस झालेला असेल तर वाट म्हणजे नुसता चिखल. तिथे चाकाची बॅग म्हणजे उचलून नेण्याचं ओझं. पाठीला लागणारी डफल असली की दोन्ही हात मोकळे, एका हातात काठी, एका हातात पाण्याचा तांब्या.

दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, काळी बॅग घेऊ नका. ट्रकच्या ढिगात, विमानतळाच्या पट्ट्यावर, सगळीकडे काळ्याच बॅगा. पिवळी किंवा केशरी घ्या, आणि दोन्ही टोकांना ऑइल पेंटने नाव घाला. दोन, बॅगेच्या दोन्ही टोकांना मूठ असावी. ढिगाखालची बॅग ओढायची तर ज्या टोकाने हाताला लागते त्या टोकाने ओढावी लागते. मूठ नसेल तर लोक खांदापट्टा धरून ओढतात आणि पट्टा तिथेच उसवतो.

घाटमाथा

मावशी, फार मोलाचं लिहिलंत. याक आणि जोपक्योंच्या (याक-गाईच्या संकराच्या) पाठीवरून सामान उतरतं तेव्हाही हेच होतं. टोकाच्या मुठी हव्यातच.

हॅम्बुर्गवासी

मी इथे शिकायला आलो तेव्हापासून ४० लिटरची डफल वापरतोय, त्या बाजूने लिहितो. भारतातल्या विमानांत हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि ७ किलो. गुणाकार केला तर ४८ लिटर होतो, पण मऊ बॅगेची गोलाई धरली तर ४० लिटरपर्यंतचीच बिनधास्त बसते. म्हणजे तुमची ५०-६० लिटरची भरलेली बॅग चेक-इनलाच जाणार. देशांतर्गत तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलो मिळतात, त्यामुळे अडचण नाही.

युरोपातल्या स्वस्त विमानांत तर फुकट फक्त सीटखाली मावेल तेवढीच छोटी बॅग, वर ठेवायच्या बॅगेला वेगळे पैसे. इथे मी डफल आगगाडीला जास्त वापरतो. जुन्या गावांतले दगडी रस्ते आणि लिफ्ट बंद असलेली स्टेशनं यांवर पाठीची बॅग जिंकते.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत कधीही ठेवू नका, ती हातातल्या सॅकमध्येच हवी. २०००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची होते, मर्यादा १००, त्यामुळे चालते.

वाटसरू

आणि लुक्लाच्या बाबतीत आणखी एक. विमानं छोटी असतात, हवा बिघडली किंवा वजन जास्त झालं की काही बॅगा पुढच्या विमानाने येतात. बूट पायातच घाला. डाउन जॅकेट, हेडटॉर्च, औषधं, एक जोडी मोजे, कागदपत्रं पाठीवरच्या सॅकमध्ये. डफल एक रात्र उशिरा आली तरी अडू नये.

कोकणकन्या

रत्नागिरीच्या प्रवासाचं मी सांगते. स्लीपर किंवा थ्री एसीच्या खालच्या बर्थखाली डफल दाबून सरकवता येते, तिथे कडक ट्रॉली अडते. सामानाच्या वजनाची चिंता नको, त्या दोन्ही वर्गांत ४० किलो मोफत आहेत. रत्नागिरी स्टेशनवर जिन्यावर पाठीच्या पट्ट्यांची किंमत कळते. एसटीत मात्र डफल डिकीत टाकण्याआधी पट्टे आत घाला.

६० लिटरच्या बॅगेत परतीला आंबा-काजू-कोकम भरणार असाल तर वजन पंधरा-अठरा किलोवर जातं. तेव्हा ती पाठीला लावून फार चालू नका, रिक्षा करा.

घाटमाथा

कोकणकन्या यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून सांगतो. डफलच्या पट्ट्यांना मर्यादा आहे. ट्रेकिंगच्या सॅकमध्ये कमरपट्टा भाराचा मोठा हिस्सा कमरेच्या हाडांवर उतरवतो, डफलमध्ये सगळं खांद्यांवर. १०-१२ किलोपर्यंत पंधरा-वीस मिनिटं, त्यापुढे नाही. ही बॅग घेऊन हरिश्चंद्रगडाला जायचा विचार कुणी करू नये. तिथे सॅकच हवी.

ब्रँडबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतायत म्हणून इथेच लिहितो. नॉर्थ फेसची बेस कॅम्प, पॅटागोनियाची ब्लॅक होल, रॅबची एक्स्पिडिशन किटबॅग या सगळ्या मजबूत आहेत, वर्षानुवर्षं मोहिमांत दिसतात. ऑस्प्रेच्या ट्रान्सपोर्टरचे खांदापट्टे या सगळ्यांत मला आरामशीर वाटले. पण अबोलींच्या बजेटमध्ये यातली एखादी बसणं कठीण. डेकॅथलॉनची ४० लिटरची ६० लिटर होणारी फोर्क्लाझ एकदा पाहा. तुम्हाला नेमका तोच आकार हवाय, आणि परतल्यावर ती ४० करून वापरता येईल. काठमांडूत ठमेलमध्ये मोठ्या नावांच्या नकला स्वस्तात मिळतात. त्या घ्यायच्या झाल्या तर शिवणयंत्र ताईंची पूर्ण यादी हातात धरून तपासा.

सगळ्यात आधी तुमच्या ट्रेक कंपनीला विचारा. बऱ्याच कंपन्या ट्रेकपुरती डफल वापरायला देतात. मग तुमच्या घरच्या प्रवासाची बॅग निवांत निवडता येईल.

अबोली

विचारलं. त्यांच्याकडे डफल मिळतात, पण ९० लिटरच्या आणि पट्टे नसलेल्या. नणंद आणि तिची मैत्रीण त्या घेणार आहेत, आत आवळायचे पट्टे आहेत म्हणे. मी आणि नवरा स्वतःच्याच घेतोय.

आज दुकानात जाऊन आलो. माझी पाठ ४१ सेंटिमीटर भरली. ४० ची ६० होणारी पाहिली, दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या भरून दहा किलो केलं आणि फिरले. ४० वर ठेवली तर पाठीला व्यवस्थित बसते. ६० केल्यावर थोडी लांब वाटते, पण मांड्यांना लागत नाही. नाडा पोटाखालून सलग आहे, फुलीची शिवण आहे. पिवळी घेतली. नवऱ्याला खांद्यात रुंद पट्टे हवे होते, तो अजून शोधतोय.

आणि घाटमाथा, घरी बसून चौघांच्या याद्या पुन्हा केल्या. प्रत्येकाची बॅग साडेआठ किलोवर आणलीय. नणंदेचा हेअर ड्रायर आणि दोन जाडजूड पुस्तकं घरीच राहणार. ती हसत हसत तयार झाली.

घाटमाथा

साडेआठ! त्या दोघा भरियांचं पूर्ण चालणं सोपं केलंत तुम्ही. एक विनंती: लुक्लाला भेट झाली की त्यांची नावं विचारून घ्या, आणि त्यांच्याकडे गरम जॅकेट आणि बूट आहेत ना ते पहिल्याच दिवशी पाहा. नसतील तर गाइडला तिथेच सांगा. नामचेत मिळतात.

नणंदेला ९० लिटरची बॅग आवळताना सामान मधोमध ठेवायला सांगा. एका टोकाला गेलं तर गाठोडं तिरकं होतं आणि भरियाची मान एका बाजूला ओढली जाते.

सांगलीकर

धागा वाचून मीही ५० वर आलो. एक प्रश्न राहिला: ट्रेकिंगच्या काठ्या डफलच्या बाहेर बांधायच्या की आत?

वाटसरू

आत. विमानात हातातल्या सॅकबरोबर अडवतात, म्हणून चेक-इनच्या डफलमध्येच. दुमडून सगळ्यांत लहान करा, टोकांना रबरी टोपी लावा आणि बॅगेच्या लांबीत कडेला, कपड्यांच्या मधोमध ठेवा. बाहेर बांधल्या तर विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर अडकून वाकतात.

अबोली

माझा शेवटचा प्रश्न दर्यावर्दींना. परत आल्यावर ही बॅग रत्नागिरीच्या घरी ठेवायची आहे. पावसाळ्यात काय करू?

दर्यावर्दी

वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, लेप सुटतो. ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा, चेनच्या दातांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढा. सावलीत उलटी करून दोन दिवस वाळवा, कडक उन्हात नको. मग घडी न घालता, आत थोडे जुने कपडे भरून कपाटाच्या वर किंवा खुंटीला ठेवा. घडीच्या रेषेवर लेप आधी तडकतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चेन उघडून हवा लागू द्या. सीलबंद प्लॅस्टिकमध्ये मात्र ठेवू नका, आत राहिलेला ओलावा तिथेच कोंडतो.